साबणाचं पाणी बहिऱ्यांसाठी

त्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. जुन्या मालकाने तो घालून दिला होता. गाडीचं दुखणं ज्याने ओळखलं, त्याने ते समोरच्या काचेवर साबणाच्या सुक्या वडीने लिहायचं. एकच शब्द. क्लच. बेअरिंग. रेडिएटर. खाली सही नाही, तारीख नाही. अक्षर कुणाचं ते सगळ्यांना ओळखू यायचं. काम झालं, गाडी एक चक्कर फिरवून आणली, की ज्याने लिहिलं त्यानेच ओल्या फडक्याने पुसायचं. आणि तीच तक्रार घेऊन गाडी परत आली, तर त्याने आपला जुना शब्द काचेवर पुन्हा लिहायचा. खरं दुखणं सापडेपर्यंत तो सगळ्यांसमोर तसाच राहायचा, आणि ज्याला खरं सापडलं त्याने तो पुसायचा.

जुना मालक गेला, मुलगा त्याच्या खुर्चीत बसला, भिंतींचा रंग बदलला, दोन नव्या लिफ्ट आल्या. नियम तेवढा राहिला.

वैद्याचा शब्द एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणी पुसला नव्हता.

वैद्य हे त्याचं आडनाव नव्हे. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवून, मूठ कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून तो उभा राहायचा. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. त्यावरून जुन्या मालकाने हाक मारली आणि ती चिकटली. खरं नाव हजेरीच्या वहीत उरलं. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेवर ते छापून आलं तेव्हा वर्कशॉपमधल्या दोघांनी विचारलं होतं, हे कोण?

कानावर त्याचा फार भरवसा. वीसेक वर्षांपूर्वी एका ट्रकच्या ब्रेकच्या नळीतून हवा जात होती. एक मेकॅनिक मगमध्ये साबणाचा फेस करून, ब्रशने एकेका जोडाला लावत, कुठे बुडबुडे येतात ते बघत बसला होता. वैद्य दहा पावलांवर चहा पीत होता. तिथूनच म्हणाला, “तिसरा जोड.” मेकॅनिकने तिसऱ्या जोडाला फेस लावला, बुडबुडे आले. वैद्य कप ठेवत म्हणाला, “साबण काचेवर लिहायला असतो रे. साबणाचं पाणी बहिऱ्यांसाठी.”

सगळे हसले. तो मेकॅनिक पुढे नोकरी सोडून गेला, वाक्य मागे राहिलं. कुणी मीटर काढला, कुणी टॉर्च शोधायला लागला, की दुसरा हमखास म्हणायचा, “काय, साबणाचं पाणी का?” वैद्य अशा वेळी आपलं काम करत राहायचा. पण मनातून त्याला बरं वाटायचं.

त्याचा मेहुणा तिथेच कामाला होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला वैद्यानेच आणून चिकटवलं होतं. आता तोही पन्नाशीला टेकला होता. गाड्यांमध्ये वायरी वाढल्या तसा त्याचा भाव वाढला. गळ्यात केबल, हातात स्कॅनर. दोघांचं रोज वाजायचं.

“काय म्हणतो तुझा डबा?”

“डबा म्हणतो, भाऊजींना विचारू नका, ते झोपलेत.”

“डोळे मिटले म्हणजे झोपलो काय रे? तुझ्या ताईला विचार, झोपल्यावर मी घोरतो.”

“ताईला कशाला विचारू? तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू येतं.”

असं. दुखणं कानाने आधी सापडतं की स्कॅनरने, यावर पैज नसायची, पण हिशेब दोघांच्याही डोक्यात असायचा. दोघांचं एकमत मात्र कधी झालं नव्हतं. ते पहिल्यांदा झालं गडद निळ्या गाडीच्या वेळी.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. दोन रस्ते सोडून त्यांचा दवाखाना. गाडी वडिलांनी वापरलेली, बारा वर्षांची, लांबलचक आणि जड. तिला चार कोपऱ्यांना लोखंडी स्प्रिंग नव्हत्या. त्यांच्या जागी रबराचे बलून होते, आणि गाडीतला कॉम्प्रेसर त्यांत हवा भरायचा. बलून आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून एकच नळकांडं, त्याला स्ट्रट म्हणतात. हवा असली की गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते. हवा गेली की बसते.

“सकाळी बघते तर पुढून डाव्या बाजूला बसलेली असते,” बाई म्हणाल्या. “घोटा मुरगळलेल्या माणसासारखी. सुरू केली की घुर्र घुर्र करत हळूहळू उठते. आणि उभी केली की सुस्कारे टाकते.”

“वय झालं, सुस्कारे टाकायचीच,” वैद्य म्हणाला.

बाई हसल्या. पण त्यांनी तो शब्द गमतीने वापरला नव्हता. हे त्याला नंतर कळलं.

त्याने बॉनेट उघडून कॉम्प्रेसरवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. आतून जाड, दमलेला, घशात कफ अडकल्यासारखा आवाज येत होता. एवढा स्पष्ट की त्याला आनंदच झाला. मेहुण्याने केबल जोडली. पडद्यावर आलं की कॉम्प्रेसर तापून मध्येच बंद पडतोय.

“कॉम्प्रेसर,” वैद्य म्हणाला.

“कॉम्प्रेसर,” मेहुणा म्हणाला.

धाकटा मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आला. “दोघांचं एकमत? मग गाडीचं काही खरं नाही.”

वैद्याने खिशातून साबणाची वडी काढली आणि काचेवर शब्द लिहिला. त्याचं अक्षर टपोरं, मात्रा थोडी तिरकी. कॉम्प्रेसर बदलला, त्याला वीज देणारा रिले बदलला, गाडी झटकन उठली. नवा कॉम्प्रेसर कसा गुळगुळीत चालला होता. त्याने एक चक्कर मारली, फडकं ओलं केलं आणि शब्द पुसला.

खरं तर कॉम्प्रेसर दमला होता तो दुसऱ्याचं ओझं वाहून. कुठून तरी हवा गळत होती, आणि तो बिचारा दिवसभर ती भरत राहायचा. कारणाला हात लागला नाही, परिणाम बदलला. नव्या कॉम्प्रेसरच्या अंगात दम होता, म्हणून गळती काही दिवस झाकली गेली. ही चूक करणारे ते दोघे पहिले नव्हते. पण एकाने कान लावला आणि दुसऱ्याने पडदा वाचला, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत याचा पुरावा दुसऱ्याकडून मिळाला, त्यामुळे पुढे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

त्याच आठवड्यातली घरची गोष्ट. वैद्य सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसायचा. बायको झाडांना पाणी घालायची.

“चिमण्या गेल्या बघ इथून,” तो म्हणाला. “पूर्वी किती कलकलाट असायचा. आता एक नाही.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या तारेकडे पाहिलं. “चहा गार होतोय,” ती म्हणाली.

नवव्या दिवशी निळी गाडी परत आली.

फाटकातून आत आली तेव्हाच सगळ्यांना दिसलं. डावीकडून पार बसली होती, चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या आत गडप. बाईंनी इंजिन बंद केलं आणि खिडकी खाली करून त्या घाईने म्हणाल्या, “ऐका, आत्ता येतोय. मी म्हणाले नव्हते? सुस्कारा. आमच्या दवाखान्यात हवेच्या नळीचा जोड सैल झाला की अगदी असाच येतो.”

वैद्य वाकला. शेजारी मेहुणा वाकला.

“येतोय,” मेहुणा म्हणाला.

वैद्याला काही ऐकू येत नव्हतं. शेजारच्या लिफ्टची मोटर येत होती. रस्त्यावरून जाणारा ट्रक येत होता. मागे कुणी हातोडी ठोकत होतं, ती येत होती. त्याने स्क्रूड्रायव्हर मडगार्डला टेकवला, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले. आपल्याच रक्ताची धडधड तेवढी येत होती. त्याने मूठ जोरात दाबली. हाड दुखलं. मग दुसऱ्या कानाला लावली.

“हं,” तो म्हणाला आणि मान हलवली.

गेली दोन वर्षं हा ‘हं’ त्याच्या फार उपयोगी पडला होता. कुणी हळू बोललं की हं. फोनवर नात बोलली की हं. मोबाइल वाजला आणि कुणी “भाऊजी, फोन” म्हणालं की, “माहितेय, मुद्दाम घेत नाही.” स्वतःशीसुद्धा त्याने ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं. लोक हल्ली पुटपुटतात, एवढंच त्याचं मत होतं.

“हं म्हणजे कुठून?” बाईंनी विचारलं.

त्यांना तो ‘हं’ ओळखीचा होता. तोंडात नळी असलेली माणसं, काहीही विचारलं तरी, असंच म्हणतात.

“मला चाकाच्या मागून वाटतो,” बाई म्हणाल्या.

“मला वरून, बॉनेटच्या बाजूने,” मेहुणा म्हणाला. “पोकळीत घुमतोय. नक्की नाही सांगता येत. डबा सांगतो हवा कमी आहे, पण कुठून जाते ते त्याला काय कळणार? भाऊजी, तुम्ही सांगा.”

मेहुणा हे टोमणा म्हणून बोलला नाही. तो खरोखरच वाट बघत होता. वीस वर्षांपूर्वी दहा पावलांवरून ‘तिसरा जोड’ सांगणारा माणूस समोर उभा होता. मालकही केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. रंगकाम करणाऱ्याने मशीन बंद केलं.

“आधी नियम,” वैद्य म्हणाला, कारण काहीतरी करायला हवं होतं. त्याने वडी काढली आणि काचेवर आपला जुना शब्द पुन्हा लिहिला. कॉम्प्रेसर. तोच टपोरा हात, तीच तिरकी मात्रा. लिहिताना मान ताठ ठेवायला त्याला कष्ट पडले.

मग तो शब्दाखाली वडी टेकवून थांबला. चार बलूनमध्ये हवा वाटून देणारा एक व्हॉल्व्हचा ठोकळा असतो. मेहुणा म्हणतो वरून, ठोकळा वरच आहे. लागला तर लागला. नाही लागला तर आणखी नऊ दिवस गेले. त्याने ‘व्ह’ काढला.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “नक्की सापडलंय का?”

“हं.”

“नाही, माझ्या धंद्यातलं सांगते. माणूस येतो, गालावर हात. म्हणतो हा दात दुखतोय, काढून टाका. दुखत असतो शेजारचा, कधी कधी वरचा. त्याचं बोट खोटं नसतं, त्याला तिथेच दुखतं. पण मी कुणाच्या बोटावर दात काढत नाही. एकेक दात ठोकून बघते, गार पाणी लावून बघते. मला स्वतःला शंभर टक्के वाटत असलं तरी. एकदा काढलेला दात परत बसवता येत नाही हो.”

हे त्या त्याला उद्देशून बोलल्या की नुसतंच, ते सांगता येत नाही. वैद्य काचेकडे बघत राहिला. ‘कॉम्प्रेसर’ आणि खाली ‘व्ह’. एक उपटलेला दात आणि दुसऱ्याला लावलेला चिमटा.

मग तो नळाकडे गेला. तिथला मग उचलला, अर्धा पाण्याने भरला, गाडीजवळ आणून खाली ठेवला. आणि हातातली वडी त्यात सोडली.

डबक्कन आवाज झाला. तो त्याला ऐकू आला.

ते वाक्य तिथे प्रत्येकाला पाठ होतं. रंगवाल्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने आपल्या बुटांकडे. मेहुण्याचं तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या संधीची माणूस वाट बघतो, ती अशी ताटात वाढून पुढे आली होती. त्याने तोंड मिटलं. वाकून मगमध्ये बोट घातलं.

“गार पाण्यात विरघळायची नाही ती,” तो म्हणाला. “थांबा. गरम आणतो.”

गरम पाण्यात दोघांनी वडी चोळून फेस केला. मग कामाला लागले. बुडबुड्यांना आत हवा हवी, म्हणून मेहुण्याने इंजिन सुरू करून गाडी पूर्ण उठवली आणि बंद केलं. वैद्याने मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरून मापं घेतली, डावं आणि उजवं, आणि ती जमिनीवर खडूने लिहिली. पहिल्या खेपेला हे करायला हवं होतं. स्टीअरिंग पूर्ण वळवून चाकामागची जागा मोकळी केली आणि तो फळीवर आडवा झाला.

आधी व्हॉल्व्हचा ठोकळा. फेस तसाच पडून राहिला, काही नाही. त्याच्या मनात आलं, आपण हाच शब्द पुरा लिहिणार होतो. मग स्ट्रटच्या डोक्यावरचा हवेच्या नळीचा जोड. काही नाही. मग बलून. पायमोजा अर्धा उलटवावा तसा बलून खालच्या बाजूला आत दुमडलेला असतो. गाडी वरखाली होते तशी ती घडी सरकते. पुढच्या बाजूने घडीला फेस लावला. काही नाही.

“मागची बाजू राहिली,” तो म्हणाला. “हात जातो, डोळा जात नाही.”

बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पर्स उघडली आणि दांडीच्या टोकाला नाण्याएवढा गोल आरसा असलेलं आपलं हत्यार काढलं. “पर्समध्ये असतो. मुलं लग्नकार्यातसुद्धा तोंड उघडून दाखवतात.”

“आणि तुम्ही बघता?”

“काय करणार! आ केलेल्या तोंडाला नाही म्हणता येत नाही.”

वैद्याने एका हाताने मागे फेस लावला, दुसऱ्या हाताने आरसा सरकवला, मेहुण्याने टॉर्च धरली. आरशात काळं रबर दिसत होतं आणि त्यावर पांढरा फेस. बराच वेळ काही झालं नाही. मग फेसाच्या एका जागी राईएवढे तीन बुडबुडे आले. फुटले. परत आले. मग एकाला एक चिकटून रांग लागली, आणि तिथे भाताच्या दाण्याएवढं पांढरं बोंड वाढायला लागलं.

“दिसलं,” वैद्य म्हणाला.

एकतीस वर्षं तो या ठिकाणी ‘ऐकलं’ म्हणायचा.

फेस पुसून आरशात पाहिलं तर टाचेला पडते तशी भेग होती, घडीच्या ऐन वळणावर. गाडी एका ठरावीक उंचीवर आली की ती उघडायची, तिथून वरखाली झाली की मिटायची. म्हणून कधी गळायची, कधी नाही. त्याने बाईंनाही वाकायला लावून दाखवलं. “किडलाय,” बाई म्हणाल्या. “भरता येईल का?”

“नाही. काढावा लागेल.”

नवा स्ट्रट तिसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत काचेवर ‘कॉम्प्रेसर’ तसाच होता, खाली तो अर्धवट ‘व्ह’, आणि त्याच्या बाजूला वैद्याने उरलेल्या वडीने लिहिलेलं ‘बलून’. त्याच्या शब्दाशेजारी त्याचाच दुसरा शब्द. येणारे-जाणारे बघून पुढे जायचे. तो मात्र मुद्दाम त्या गाडीच्या समोरून ये-जा करायचा, मागून जायचा रस्ता जवळचा असूनही.

काम दोघांनी मिळून केलं. मेहुण्याने स्कॅनरवरून हवेची यंत्रणा झोपवली, नाहीतर गाडी लिफ्टवर असताना कॉम्प्रेसर मध्येच जागा होतो. चाक काढलं. ब्रेकच्या वायरीची क्लिप, उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी, चाकाला धरणारा वरचा लोखंडी हात सोडवला. हवेच्या नळीचा जोड वैद्याने स्वतः उघडला, पाव फेरा, थांबा, पाव फेरा, थांबा. आत उरलेली हवा जोरात सुटली तर इजा होते. पूर्वी तो सुस्कारा संपल्याचा कानाने अंदाज घ्यायचा. आता त्याने दुसरा तळवा जोडाजवळ धरला. हवा तळव्याला गार लागत होती, हळूहळू मंद झाली, थांबली. मग पुढचा फेरा.

खालचा बोल्ट बारा वर्षं जागचा हललेला नव्हता. त्याला तेल पाजून दहा मिनिटं ठेवलं. सुटला. बॉनेटखालचे तीन नट शेवटी, मेहुण्याने खालून स्ट्रट पोटाशी धरलेला असताना.

“सोडू?”

“सोडा. जड आहे हो. जेवून आलात ना भाऊजी? उद्या ताई म्हणेल माझ्या नवऱ्याला उपाशी राबवलं.”

“तू धर. बोलू नकोस.”

नवा वर सरकवला, तीन नट हाताने लावले, नळीचं जुनं टोक धारदार पात्याने सरळ कापून नव्या जोडात बसवलं. चाक चढलं. मेहुण्याने लिफ्टच्या बटणावर हात ठेवला.

“थांब!”

वैद्य एवढ्या जोरात ओरडला की रंगवाला दचकला.

“काय झालं?”

“हवा कुठाय आत? रिकाम्या बलूनवर गाडी बसवलीस तर घडी वेडीवाकडी चिमटेल. नवा बलून पहिल्याच दिवशी जाईल. आधी अधांतरी भर. घडी गोल झाली की मग उतरव.”

मेहुण्याने हात काढला. स्कॅनरवरून थोडी थोडी हवा सोडली. वैद्य खाली उभा राहून घडीवरून बोट फिरवत होता, चहूकडून सारखी फुगते की नाही. मेहुण्याने पाहिलं की त्याचे डोळे मिटलेले आहेत. मग गाडी उतरवली, खालचा बोल्ट चाकांवर उभी असताना शेवटचा आवळला, चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजून स्कॅनरमध्ये भरली. जोडाला आणि घडीला पुन्हा साबण लावला. फेस मुकाट पडून राहिला.

एक रात्र गाडी तिथेच ठेवली. सकाळी वैद्य सगळ्यांआधी आला आणि टेप लावली. डावं आणि उजवं सारखं. खडूने लिहिलं होतं तेवढंच, एक रेघ इकडेतिकडे नाही. त्याने परत मोजलं.

बाई आल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. “आता नाही ना येत आवाज?”

मेहुणा वैद्याकडे बघायला लागला. मालक दारात होताच.

“मला नका विचारू,” वैद्य म्हणाला. “मला तो पहिल्यापासून आला नाही. याला विचारा.”

हे तो नेहमीच्या आवाजात बोलला. म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या, जरा मोठ्या.

मेहुणा चाकापाशी गुडघ्यावर बसला, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, मूठ कानामागे लावली. डोळेही मिटले. “नाही येत,” तो उठून म्हणाला. “भाऊजी, हे हाडाला टोचतं हो. तीस वर्षं कसं सहन केलंत?”

“त्याला अक्कलदाढ लागते.”

“ती माझ्याकडे काढून मिळते,” बाई म्हणाल्या.

काचेवरचं पुसायचं राहिलं होतं. वैद्याने फडकं मेहुण्यापुढे केलं. “पूस.”

“मी का? शोधलं तुम्ही.”

“मी नाही शोधलं. मी चुकलो. नियमाप्रमाणे शोधणाऱ्याने पुसायचं.”

“मग शोधलं कुणी?”

“साबणाने.”

मेहुण्याने क्षणभर विचार केला. मग भिंतीशी पडलेला मग उचलला, त्यातलं कालचं दह्यासारखं झालेलं पाणी भस्सकन काचेवर ओतलं आणि वायपर सुरू केला. तीनही शब्द एकदम वाहून गेले. बॉनेट बरबटलं ते वेगळं. ते पुसायला दोघांना पाव तास लागला आणि त्यात मेहुण्याला शिव्या खाव्या लागल्या.

आरसा बाईंनी परत घेतला नाही. तो स्क्रूड्रायव्हरच्या शेजारच्या खिळ्याला लटकतो. वैद्य अजून कामावर आहे. गिअरबॉक्स, बेअरिंग, कॉम्प्रेसर, जे जाड आवाजात बोलतं ते तोच ऐकतो आणि त्यात अजून चुकत नाही. बारीक आवाजाची गाडी आली की तो मेहुण्याला हाक मारतो आणि साबणाच्या पाण्याने मग भरतो. बहिऱ्यांचं ते वाक्य आता तिथे कुणी म्हणत नाही. एकदा नव्या माणसाला त्याने स्वतःच सांगितलं, आणि बरोबर आहे म्हणाला.

निळी गाडी गेली त्या दिवशी तो घरी लवकर आला. बायको गॅलरीत कपडे काढत होती. समोरची तार रिकामी नव्हती. त्याने चष्मा पुसून पाहिलं. सात-आठ होत्या, चोची उघडत-मिटत होत्या.

“ओरडतायत का त्या?” त्याने विचारलं.

“कान किटले माझे.”

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, “तुला माहीत होतं?”

“दोन वर्षं झाली.”

“मग सांगायचं नाही?”

बायकोने चादरीची घडी घातली, हाताने दाबून नीट केली, त्याच्याजवळ आली आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, “सांगितलं की! दोनदा सांगितलं. तुम्ही हं म्हणालात.”